गुरगुरणाऱ्या इमानाचं कौतुक पुरे

‘माझ्याशिवाय दुसऱ्याच्या हातची भाकरी तोंडात घेत नाही.’ जळकोटच्या पारावर, शेतातल्या वस्तीवर, हमरस्त्यालगतच्या चहाच्या टपरीवर कुत्र्याचा विषय निघाला की हे वाक्य ऐकू येतंच, आणि सांगणारा ते छाती फुगवून सांगतो. पाठोपाठ पुरावे येतात. धन्यानं मोटारसायकल चालू केली की कुत्रं मागे पळत सुटतं. धनीण शेजारी बसली की मधे घुसतं. नातू बाजेवर चढला की दात विचकतं. धनी परगावी गेला की तो येईपर्यंत ताटलीला तोंड लावत नाही. ऐकणारे मान डोलावतात. असं इमान आता माणसात राहिलं नाही, असं कुणीतरी म्हणतं आणि विषय तिथंच मिटतो.

तो मिटू देता कामा नये. वर सांगितलेल्या चारही गोष्टी त्या जनावराच्या धास्तीच्या खुणा आहेत. पळत सुटणारा, मधे घुसणारा, दात विचकणारा, उपाशी बसणारा कुत्रा सुखात नसतो. घरातले त्याच्या त्रासाला दागिना समजून मिरवतात, म्हणून तो त्रास वर्षानुवर्षं तसाच राहतो आणि एक दिवस कुणाच्या तरी हातात दात रुततात. मग त्याच कुत्र्याला ‘बिघडलं’ म्हणून काठी बसते किंवा दूर नेऊन सोडलं जातं. कौतुक करणारे आणि काठी उगारणारे बहुतेक वेळा एकाच घरातले असतात.

जळकोट तुळजापूर तालुक्यात, नळदुर्ग आणि उमरगा यांच्यामध्ये, सोलापूर-हैदराबाद महामार्गावर वसलेलं गाव. दिवसरात्र ट्रक, टँकर, खासगी बस यांची रांग चालू असते. अशा ठिकाणी मोटारसायकलमागे धावणं कुत्र्याच्या जिवावर बेततं, आणि त्याला चुकवताना एखाद्या दुचाकीस्वाराच्याही. तरी धन्याला आरशात मागे पळणारं कुत्रं दिसलं की ऊर भरून येतो. प्रेमाचं माप म्हणून हे दृश्य किती महाग पडतं, याचा हिशेब या रस्त्याकडेच्या गावांनी तरी करायला हवा.

या भागाला कुत्र्याचा मान राखायला कुणी शिकवण्याची गरज नाही. शेजारच्या अणदूर आणि नळदुर्गजवळच्या मैलारपूर इथं खंडोबाचं ठाणं आहे. देव वर्षातला मोठा काळ अणदूरला आणि उरलेला मैलारपूरला असतो. खंडोबाबरोबर कुत्रा आलाच, भैरवाबरोबरही आलाच. दारच्या कुत्र्याला पहिली भाकरी टाकणारी माणसं आजही घरोघर आहेत. हा मान खरा आहे आणि तो टिकावा. पण मान दिला म्हणजे जनावर समजलं, असं होत नाही.

कौतुकाच्या बाजूनं नेहमी पुढं येतो तो वाघ्या. शिवछत्रपतींच्या चितेत उडी घेणाऱ्या कुत्र्याची कथा महाराष्ट्रानं मनात कोरून घेतली. राम गणेश गडकऱ्यांनी ‘राजसंन्यास’ नाटक वाघ्याला अर्पण केलं, १९३६ साली रायगडावर त्याचा पुतळा उभा राहिला, पुढं तो हटवला गेला आणि पुन्हा बसवला गेला. कथेला इतिहासाचा आधार आहे की नाही, हा वाद अजून शमलेला नाही आणि इथं त्यात शिरण्याचं कारणही नाही. अडचण वेगळी आहे. या कथेनं आपल्या मनात चांगल्या कुत्र्याची एकच व्याख्या पक्की केली: धन्यावाचून जो जगू शकत नाही तो. जपानच्या हाचिको या कुत्र्याच्या कथेनंही तेच केलं. मालक १९२५ साली वारल्यावर तो १९३५ मध्ये स्वतः मरेपर्यंत शिबुया स्टेशनवर जात राहिला. त्याचा पुतळा बघून डोळे पाणावतात, हे साहजिक आहे. पण दहा वर्षं चाललेलं ते वाट पाहणं घरातल्या कुत्र्याच्या वाट्याला यावं, अशी इच्छा त्याच्यावर माया असणाऱ्यानं का धरावी?

महाराष्ट्राकडे दुसरं उदाहरणही आहे आणि ते नोंदींतलं आहे. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांच्या काळात मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकातल्या जंजीर नावाच्या लॅब्रॅडॉरनं ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर, २४९ हातबॉम्ब हुडकून दिले. २००० साली तो वारला तेव्हा पोलिसांनी त्याला सन्मानानं निरोप दिला. असं काम करणारा कुत्रा गर्दीत, अनोळखी माणसांत, गोंगाटात शांत राहावा लागतो. पोलीस दलात एका श्वानासाठी सहसा दोन हस्तक नेमतात, म्हणजे एक रजेवर गेला तरी काम अडत नाही. जंजीरला हस्तकाच्या पायाला चिकटून बसण्याची आणि जवळ येणाऱ्यावर गुरगुरण्याची सवय असती, तर शहराच्या दृष्टीनं तो निरुपयोगी ठरला असता. साताऱ्याच्या शाहू छत्रपतींच्या खंड्या कुत्र्याची समाधी संगम माहुलीला आहे. त्याची कथा सांगतात तीही शिकारीच्या वेळी वाघापासून सावध केल्याची. म्हणजे आपल्याच परंपरेत कर्तबगार कुत्र्याचाही आदर आहे. फक्त तो धागा आपण कमी ओढला.

आता लळ्याबद्दल. कुत्र्याला माणसाचा लळा लागतो, यात शंका नाही. हंगेरीत बुडापेस्टच्या योझेफ तोपाल आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ५१ कुत्रे आणि त्यांचे मालक घेऊन एक चाचणी केली. मूळ चाचणी तान्ह्या मुलांसाठीची: अनोळखी खोली, अनोळखी माणूस, आई थोडा वेळ बाहेर जाते, परत येते. कुत्र्यांचं वागणं मुलांच्या वागण्याशी जुळलं. पण या चाचणीतला खरा धडा बहुतेकांच्या लक्षात येत नाही. ज्या मुलाचा आईवर पक्का भरवसा असतो ते तिला चिकटून बसत नाही. ते खोलीभर फिरतं, खेळणी उचकतं, मधेच वळून आई आहे ना एवढं बघून घेतं. भरवसा जितका पक्का तितकं ते लांब जाऊ शकतं. कुत्र्याचंही तसंच. जो धन्याला अंगणात सोडून बांधापर्यंत हुंगत जातो आणि हाक मारली की येतो, त्याचा लळा अधिक घट्ट आहे.

पुढं २००६ मध्ये अमेरिकेत पार्थसारथी आणि क्रोवेल-डेव्हिस यांनी एकटेपणाचा त्रास होणारे कुत्रे आणि न होणारे कुत्रे याच चाचणीत तपासले. त्रास होणारे कुत्रे मालकाला अधिक चिकटलेले दिसले नाहीत. मालक गेल्यावर दार ओरबाडणारा, रडणारा, घरात घाण करणारा कुत्रा जास्त प्रेम करतो, ही समजूत त्यामुळं टिकत नाही. त्याला एकटं राहता येत नाही एवढंच खरं, आणि ते शिकवता येतं.

मत्सराचं काय? तोही कुत्र्याला असतो असं दिसतं. कॅलिफोर्नियात क्रिस्टीन हॅरिस आणि कॅरोलिन प्रूवो यांनी २०१४ मध्ये ३६ कुत्र्यांसमोर त्यांच्या मालकांना भुंकणाऱ्या खेळण्यातल्या कुत्र्याला कुरवाळायला लावलं. ७८ टक्के कुत्र्यांनी मालकाला ढोसलं किंवा पंजा लावला. मालक नुसतं पुस्तक वाचत असताना असं करणारे २२ टक्केच होते. म्हणजे मधे घुसण्याची ऊर्मी नैसर्गिक आहे. पण ऊर्मी आली म्हणून तिची सवय व्हायलाच हवी असं नाही. सवय घरातली माणसं लावतात.

ती कशी लागते ते कुणालाही अंगणात बसून बघता येईल. धनीण जवळ आली, कुत्रं ताठ झालं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसला, बारीक गुरगुर झाली. धनीण बिचकून मागे सरली. कुत्र्याला कळलं: गुरगुरलं की माणूस जातो. धनी हसला, त्यानं पाठीवरून हात फिरवला. कुत्र्याला आणखी कळलं: गुरगुरलं की कौतुक होतं. पोरानं मोबाइलवर त्याचं चित्रण करून स्टेटसला ठेवलं आणि तेच पुन्हा बघायला मिळावं म्हणून आईला परत जवळ बसायला लावलं. आठवडाभरात गुरगुर लवकर सुरू होते, लांबून सुरू होते. यात कुत्र्याचा दोष शोधून सापडत नाही. त्याला जे शिकवलं ते तो नीट शिकला.

इथं दुसरी बाजू पुढं येते आणि तिचा आवाज पहिलीपेक्षा मोठा असतो. ‘ते आता स्वतःलाच धनी समजायला लागलंय. एकदा आडवं पाडा, मान दाबा, कोण मोठं ते दाखवा.’ गावात हे अनुभवाचं शहाणपण म्हणून सांगतात, शहरात काही प्रशिक्षक पैसे घेऊन सांगतात. या सल्ल्याचा उगम मात्र ना गावात आहे, ना अनुभवात. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझेलमध्ये पिंजऱ्यातल्या लांडग्यांवर निबंध लिहिला. कोंडलेल्या लांडग्यांत हाणामारी दिसली आणि त्यावरून कळपाचा दादा ही कल्पना निघाली. अमेरिकी संशोधक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या ‘द वुल्फ’ या पुस्तकानं ती जगभर नेली. १९७८ मध्ये न्यू स्कीटच्या मठातल्या साधूंच्या पुस्तकानं कुत्र्याला उताणं पाडून दाबण्याची युक्ती घरोघर पोचवली.

मग मेक स्वतः उत्तर ध्रुवाजवळच्या एल्समीअर बेटावर मोकळ्या लांडग्यांच्या मागे उन्हाळेच्या उन्हाळे फिरले आणि १९९९ मध्ये त्यांनी लिहून टाकलं की रानातला कळप म्हणजे आईबाप आणि त्यांची पिल्लं. गादीसाठीची लढाई तिथं जवळजवळ नसतेच. आपलं जुनं पुस्तक छापू नका, असा तगादा त्यांनी प्रकाशकाकडं वर्षानुवर्षं लावला आणि २०२२ मध्ये छपाई थांबली. साधूंनीही पुढच्या आवृत्तीत उताणं पाडण्याचा सल्ला मागे घेतला. ज्यांनी ही कल्पना रुजवली त्यांनीच ती उपटून टाकली. आपल्याकडे मात्र तिच्या नावानं अजून कुत्र्यांच्या माना दाबल्या जातात.

दाबल्यानं होतं काय? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी २००९ मध्ये वागणुकीच्या तक्रारी घेऊन आलेल्या १४० मालकांची उत्तरं प्रसिद्ध केली. मारलं किंवा लाथ घातली तेव्हा ४३ टक्के मालकांच्या कुत्र्यांनी उलट आक्रमकपणा दाखवला. तोंडातली वस्तू जबरीनं ओढली तेव्हा ३९ टक्के. उताणं पाडलं तेव्हा ३१ टक्के. ज्यानं भीतीपोटी दात दाखवले त्याला अजून भीती घातली की तो दात वापरतो, एवढाच या आकड्यांचा अर्थ. आणि ज्या कुत्र्याची गुरगुर मार देऊन बंद केली, तो निवळला असं समजणारा मोठी जोखीम घेतो. गुरगुर ही सूचना होती. सूचना गेली, भीती राहिली. अशा कुत्र्याबद्दल लोक मग सांगतात, ‘काही नसताना एकदम चावलं.’

शिवाय गावातलं कुत्रं म्हणजे लांडगा नव्हे. कोलकात्याच्या आयसर या संशोधन संस्थेत अनिंदिता भद्रा यांचा गट भारतातल्या मोकाट कुत्र्यांचा अभ्यास करतो. त्यांच्या २०१७ च्या प्रयोगात अनोळखी माणसानं पुन्हा पुन्हा खाऊ दिला किंवा पुन्हा पुन्हा कुरवाळलं. कुरवाळणाऱ्यावर कुत्र्यांचा भरवसा अधिक बसला. रस्त्यावर वाढलेलं, माणसाचे दगड खाल्लेलं जनावर जर हाताच्या स्पर्शानं इतकं वळतं, तर घरच्या कुत्र्याला वळवायला काठी कशाला लागते?

तर करायचं काय, याचं उत्तर दोन्ही बाजूंना कंटाळवाणं वाटेल, कारण त्यात पराक्रम नाही. पहिली गोष्ट, भाकरी देणारा हात बदलायचा. धन्याला चिकटलेल्या कुत्र्याला धन्यानं भरवणं कमी करावं आणि ज्यांच्यावर ते गुरगुरतं त्यांनी वाढावं. हात पुढे करून भरवण्याचं धाडस नको. लांबून तुकडा टाकून निघून जायचं. धनीण येते तेव्हा उकडलेल्या अंड्याचा किंवा मटणाचा तुकडा येतो, ती गेली की तुकडे थांबतात. काही दिवसांनी तिची चाहूल लागली की कुत्रं ताठ होण्याऐवजी वाट बघू लागतं. मग अंतर थोडं कमी करायचं. ताठ झालं तर आपण घाई केली असं समजून परत लांब जायचं. (द्राक्षांच्या भागात एक सांगणं जरूर आहे: द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला कधीच देऊ नयेत, मूत्रपिंड निकामी होऊ शकतं.)

दुसरी, गुरगुर झाली की धन्यानं शांतपणे उठून जायचं. ओरडायचं नाही, ढकलायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. ज्याच्यावर हक्क सांगितला तोच उठून गेला, हे कुत्र्याला पुरेसं समजतं. त्याबरोबर त्याला स्वतःची एक जागा हवी. ओसरीच्या कोपऱ्यात पोतं किंवा जुनी गोधडी अंथरायची, तिथं बसलं की काहीतरी चांगलं मिळतं हे रोज शिकवायचं, आणि तिथून त्याला कुणी उठवायचं नाही. पोरांनी तर तिकडे फिरकायचंच नाही. लहान मूल आणि हक्क गाजवणारा कुत्रा यांना मोठ्या माणसावाचून एका खोलीत ठेवणं, ‘आमचं तसं नाही’ म्हणणाऱ्या घरांतही चूकच.

तिसरी गोष्ट एकटं राहण्याची. मोटारसायकलची चावी वाजली, पायात चप्पल गेली की ज्याचा जीव खालीवर होतो, त्याला या खुणा बिनमहत्त्वाच्या वाटायला हव्यात. चावी उचलायची आणि परत ठेवायची. चप्पल घालून आतच बसायचं. गाडी चालू करून बंद करायची. मग दाराबाहेर काही क्षण, मग मिनिट, मग बांधापर्यंत. कुत्रं शांत आहे तोवर परत यायचं; येताना आणि जाताना गाजावाजा टाळायचा. तोवर गाडी निघताना फाटक लावणं किंवा कुणीतरी साखळी धरून त्याला दुसरीकडे फिरवून आणणं, एवढं त्या महामार्गावर करायलाच हवं. दिवसभर खुंटीला बांधून ठेवणं हा उपाय नव्हे. सतत बांधलेल्या कुत्र्याला हिंडू-फिरू न देणं, १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे, आणि बांधलेल्या कुत्र्याची धास्ती वाढतेच.

या सगळ्याच्या आधी मात्र एक तपासणी. जे कुत्रं आधी असं नव्हतं आणि अचानक पायात घोटाळू लागलं किंवा हात लावू देईना, त्याला बहुधा काहीतरी दुखतं आहे. गोचीड-ताप, कानाचं दुखणं, सांधे, दात, म्हातारपणी कमी दिसणं. ब्रिटनमधल्या लिंकन विद्यापीठाचे डॅनियल मिल्स आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये मांडलं की वागणुकीच्या तक्रारींसाठी तज्ज्ञांकडे पाठवलेल्या प्राण्यांपैकी सुमारे एक तृतीयांशांना वेदनेचा काही ना काही आजार निघतो. गावच्या दवाखान्यात गायी-म्हशींची गर्दी असते हे खरं. पण रक्त तपासायला तिथं नेता येतं, आणि पुढची गरज पडली तर उदगीर, परभणीला पशुवैद्यक महाविद्यालयं आहेत. टोकाच्या धास्तीवर औषधंही असतात. ती डॉक्टरच ठरवतील. माणसांच्या गोळ्या परस्पर देऊ नयेत. आणि दात लागलेच तर हळद, मिरची, चुना काही न लावता जखम वाहत्या पाण्यात साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि सरकारी दवाखाना गाठायचा, कुत्रं घरचं असलं तरी.

दोन आक्षेप उरतात. पहिला: सगळ्यांच्या हातची भाकरी खाणारं कुत्रं राखण काय करणार? राखण करणारं कुत्रं परक्याची चाहूल देतं. धनिणीवर आणि नातवावर गुरगुरणारं कुत्रं घर राखत नाही, ते एका माणसाला घरापासून राखतं. मेंढरांबरोबर हिंडणारे धनगरांचे कुत्रे सगळ्या तांड्यात, बायका-पोरांत वाढतात आणि रात्री लांडग्याला भिडतात. घरच्यांशी सलगी आणि परक्याबद्दल सावधपणा एकाच जनावरात सुखानं नांदतात.

दुसरा आक्षेप अधिक हळवा आहे: दुसऱ्यांनी भरवलं तर माझी माया पातळ होईल. या भागात तो हळवेपणा फार काळ परवडत नाही. पोरं शिकायला, नोकरीला पुण्याला, सोलापूरला, हैदराबादला जातात आणि हौसेनं आणलेलं कुत्रं म्हाताऱ्या आईबापांकडे राहतं, ज्यांना ते कालपर्यंत जवळ येऊ देत नव्हतं. तोपालांच्याच गटानं २००१ मध्ये निवारागृहातल्या मोठ्या कुत्र्यांना एका अनोळखी माणसाशी तीन वेळा, प्रत्येकी दहाच मिनिटं, खेळू दिलं; तेवढ्यानंही त्या माणसाबद्दल लळ्याची चिन्हं दिसू लागली. कुत्र्याच्या मनात जागा असते. तेव्हा पोरगं पुण्याला जाणार हे ठरल्या दिवसापासून संध्याकाळची भाकरी आईनं टाकावी, सकाळचा फेरा बापानं मारावा, आणि पोरानं त्या वेळी घरातून थोडं बाहेर जाऊन यावं.